घोट्यावरचा हात

धैर्यशील मगदूमच्या डाव्या गुडघ्यात नेमके किती हिसके उरले आहेत, हे सोमवारी सकाळी साडेनऊपर्यंत जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. साडेनऊनंतर ते दोघांना ठाऊक झालं आणि त्यातल्या एकाची भूक मेली.

"अडतीस," डॉ. नफिसा मुजावर म्हणाली. कृष्णाकाठ कबड्डी संघाची ती डॉक्टर. धैर्यशीलपेक्षा आठ वर्षांनी लहान, पण तपासणीच्या खोलीत सगळ्यांची आजी. "पाच इकडं, पाच तिकडं. पण तुम्ही अडतीसच धरून चाला, दादा."

"आणि एकोणचाळिसावा?"

"एकोणचाळिसाव्याला लिगामेंट तुटणार. तिसऱ्यांदा. दोनदा आपण ते शिवलंय, आता शिवायला जागा नाही. पुढं जन्मभर पट्टा आणि काठी."

धैर्यशीलनं गुडघ्याकडे बघितलं. गुडघा नेहमीसारखाच दिसत होता, दोन जुन्या व्रणांचा. त्याच्या दोन्ही बाजूंना बोटभर लांबीच्या, राखाडी, ओलसर पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. कंपनीनं त्यांना काहीतरी लांबलचक नाव दिलं होतं. खेळाडू त्यांना जळू म्हणत.

जळूचं काम ऐकण्याचं. गुडघ्यातलं लिगामेंट म्हणजे एक दोर, हजारो बारीक धाग्यांचा वळलेला. विहिरीचा दोर काही एका दिवसात तुटत नाही. आधी एक पेड सुटतो, मग दुसरा, आणि वरून दोर धडधाकटच दिसतो. गुडघ्यातला धागा तुटतानाही आवाज होतो, पण तो इतका बारीक आणि इतका उंच असतो की माणसाच्या कानाला कधी कळत नाही. पूर्वीची यंत्रं दोराचा फोटो काढायची. जळू दोराला कान लावून बसते. सराव असो की सामना, प्रत्येक हिसक्याला किती धागे गेले ते ती मोजते, आणि तुटण्याचा वेग कसा वाढतोय त्यावरून संगणक सांगतो, असे आणखी किती हिसके हा दोर सोसेल. गुडघ्याच्या आत रक्त फारसं पोचत नाही, त्यामुळे तुटलेले धागे सहसा जुळत नाहीत. आकडा उतरतो, चढत नाही.

लीगनं दोन वर्षांपूर्वी जळू सक्तीची केली आणि नियम केला, की आकडा दहाच्या खाली गेला की त्या खेळाडूला मॅटवर पाऊल ठेवता येणार नाही. दुसरा नियम असा, की आकडा फक्त डॉक्टरला आणि खेळाडूला कळेल. प्रशिक्षकालासुद्धा नाही. कारण उघड होतं. कुणाचा कुठला सांधा कच्चा आहे हे समोरच्या संघाला कळलं, तर ते नेमका तोच धरतील.

अजून पाच सामने होते आणि पाचवा सांगलीत, घरच्या मैदानावर. त्यानंतर थांबायचं असं धैर्यशीलनं ठरवलं होतं, म्हणजे निदान थांबायचा विचार करायचा असं ठरवलं होतं. सदतीस वर्षांच्या चढाईपटूला लोक 'कधी थांबताय?' असं आदरानं विचारायला लागतात, हे त्याला कळत होतं. पण थांबायचं ते सांगलीत, मॅटवरून चालत. डॉक्टरच्या खोलीतून नव्हे.

"सांगलीपर्यंत पुरतील?" त्यानं विचारलं.

नफिसा जळूची कड पुन्हा एकदा दाबून बसवत राहिली.

*

बायकोपासून, प्राजक्तापासून, त्यानं आजवर दोनच गोष्टी लपवायचा प्रयत्न केला होता आणि दोन्ही वेळा चहा संपायच्या आत पकडला गेला होता. ती नववीला गणित शिकवायची. आकडा ऐकल्यावर तिनं कप खाली ठेवला.

"पाच इकडं, पाच तिकडं म्हणजे काय, हे मी रोज पोरांना शिकवते. म्हणजे तेहतीसपण असू शकतात."

"किंवा त्रेचाळीस."

"तुम्हाला बरोबर त्रेचाळीसच दिसणार." तिचा आवाज चढला. "मागच्या ऑपरेशननंतर चार महिने तुमच्या बुटाच्या नाड्या मी बांधल्यात. तुम्ही भिंतीकडं तोंड करून बसायचा. ते मला परत बघायचं नाही."

"सांगली झाली की संपलं, प्राजू."

"सांगलीआधीच संपलं तर?"

धैर्यशीलनं भिंतीकडे बघितलं. तिथं एक फोटो होता. सोनवडीच्या हनुमान क्रीडा मंडळाची ढाल धरलेली दोन काटकुळी पोरं, गुडघ्यापर्यंत मातीनं माखलेली. एक तो स्वतः, दुसरा महावीर उपाध्ये. महावीरच्या घरी दिवे लागायच्या आत जेवणं उरकायची, पाणीसुद्धा गाळून प्यायचं, मुंगीला धक्का लागू द्यायचा नाही. आणि हा पठ्ठ्या कोपऱ्यात उभा राहून चढाईपटूचा घोटा असा धरायचा की सुसरीनंही शिकवणी लावावी. आता तो नागपूरकडून खेळायचा. सांगलीचा शेवटचा सामना नागपूरशीच होता.

त्या दोघांना नेर्लेकर मास्तरांनी घडवलं. मास्तरांची शिस्त एकच होती. बाद झालास की पंचानं सांगायच्या आधी हात वर. स्पर्श झालाय हे पंचाला दिसलं नसेल, पण तुला कळलंय ना? मग हात वर. धैर्यशीलनं हे आयुष्यभर पाळलं, एक बाब सोडून. पकड पडली की मात्र तो कधी हात वर करत नसे. डावा पाय मुद्दाम मागे ठेवायचा, कुणीतरी घोटा धरला की त्याला फरफटत मध्यरेषेपर्यंत ओढून न्यायचं, हीच त्याची ख्याती होती. तीन-तीन गडी अंगावर घेऊन तो रेषेला बोट लावायचा. गुडघ्यातला दोर झिजला तो या ख्यातीनंच.

*

जयपूरच्या सामन्यात तो दहा वेळा चढाईला गेला, तीनदा पकडीतून ओढून निघाला. दुसऱ्या दिवशी नफिसा म्हणाली, "तीस."

आठ गेले होते. हॉटेलच्या पलंगावर पडून त्यानं बोटांवर हिशेब केला. तीस, बावीस, चौदा, सहा. चौथ्या सामन्यातच दहाच्या खाली. सांगलीत तो खुर्चीवर बसून टाळ्या वाजवणार होता. त्यानं प्राजक्ताला फोन केला आणि तीसचा आकडा सांगितला. तिनं तो त्याला पुन्हा एकदा सांगायला लावला आणि फोन ठेवला.

त्यानंतर भीती त्याच्या अंगात राहायलाच आली. जिना चढताना उजवा पाय आधी. मेहुण्याच्या घरच्या पूजेला सगळे मांडी घालून बसले तेव्हा हा खुर्चीवर, देवापेक्षा उंच. न्हाणीघरात एकदा साबणावरून पाय किंचित सरकला, तर तो दहा मिनिटं नळ धरून उभा राहिला. साध्या चालण्यानं काही होत नाही हे नफिसानं दहादा सांगितलं होतं. पण भीतीला शास्त्र सांगून उपयोग नसतो.

मग पाटण्याचा सामना झाला. धैर्यशीलनं चौदा गुण मिळवले. दुसऱ्या सकाळी तो नफिसासमोर मान खाली घालूनच बसला.

"अठ्ठावीस," ती म्हणाली.

"बावीस ना?"

"अठ्ठावीस." तिच्या कपाळावर आठी होती. "दोनच गेलेत."

पुढचा सामना भोपाळशी, सोळा गुण. सत्तावीस. त्याच्या पुढचा, अठरा गुण. सव्वीस.

प्रशिक्षक खोत सर सराव थांबवून त्याच्या भोवती फिरले. "धैर्या, अमृत गावलंय काय रं तुला? गेल्या पाच वर्षांत असा पळाला न्हाईस." वर्तमानपत्रांनी गुडघा पुन्हा तरुण झाल्याचं छापलं. सोनवडीहून आत्यानं हाडसांधीच्या पाल्याचा लेप पाठवला होता, सगळं श्रेय तिनं घेतलं आणि धैर्यशीलनंही ते देऊन टाकलं. नफिसा मात्र खूश नव्हती. "धागे असे जुळत नाहीत, दादा. एक तर माझं गणित चुकतंय, नाही तर मला काहीतरी दिसत नाहीये."

"चुकू दे की एखाद्या वेळेस," तो हसत म्हणाला. कित्येक आठवड्यांनी तो हसला होता.

संघाच्या मालकांनी निरोप पाठवला, आणखी दोन हंगाम खेळणार का? सांगलीच्या सामन्यानंतर सही करू. धैर्यशील घरी आला तो जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत. त्याला वाटलं होतं ती खूश होईल, पण प्राजक्ताचा चेहरा पडला.

"सही करू नका," ती म्हणाली.

"का? आकडा उतरत नाहीये! तू गणिताची ना? मग बघ की."

"सांगली होऊ दे," एवढंच ती म्हणाली आणि वह्या तपासायला बसली. एकाच वहीवर ती अर्धा तास बसली होती हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

*

सांगलीचं मैदान संध्याकाळी सातला भरलं. निम्मं सोनवडी तिसऱ्या-चौथ्या रांगेत होतं आणि त्यांच्या मधोमध प्राजक्ता, मांडीवर पर्स घट्ट धरून.

पहिल्या डावाच्या सातव्या मिनिटाला धैर्यशील चढाईला गेला. डावा पाय मागे ठेवला. कोपऱ्यातून महावीर झेपावला आणि त्याचा हात घोट्यावर पडला. मैदान उठून उभं राहिलं. आणि धैर्यशील सुटला. वळला, दोन ढांगांत रेषेपलीकडे, दोन गुण. ढोल वाजले. खोत सरांनी टोपी उडवली.

धैर्यशील मात्र रेषेजवळ उभा राहून आपल्या घोट्याकडे बघत होता. महावीरचा हात त्याला अंधारातही ओळखू आला असता. अंगठा टाचेमागं, चार बोटं पुढून, आणि मग तो हात मरेपर्यंत सुटत नाही. आज तो पडला आणि उघडला, एखाद्यानं दार लोटून बघावं तसा.

मध्यंतराला नफिसा त्याच्यासमोर उकिडवी बसली. मांडीवर पाटीएवढा पडदा होता.

"महावीरनं घोटा धरला तेव्हा तुम्ही ओढलं का नाही?"

"ओढलं की."

"नाही, दादा. ओढलं असतं तर आवाज आला असता. जळूला एक धागासुद्धा ऐकू आलेला नाही. म्हणून आत्ता मागचे सामने काढले. पाटण्यापासून तुमच्यावर अकरा पकडी पडल्या. दहा वेळा शांत. जे थोडे गेले ते बहुतेक नुसतं वळताना-पळताना." तिनं मान वर केली. "माझं गणित चुकत नव्हतं. गुडघापण बरा झालेला नाही. पलीकडून तुम्हाला कुणी ओढतच नव्हतं."

धैर्यशीलच्या कानात ढोल वाजत राहिले. पाटण्याचा तो दांडगा कोपरेवाला, हात निसटल्यावर स्वतःवरच चिडल्यासारखा करणारा. भोपाळच्या दोघांची साखळी, ऐन वेळी सुटलेली. चौदा, सोळा, अठरा गुण. लेप. दोन हंगाम.

आकडा तिघांनाच ठाऊक होता. एक तो, एक ही समोर बसलेली. त्यानं वळून तिसऱ्या रांगेकडे बघितलं. प्राजक्ता त्याच्याकडेच बघत होती. नजरानजर होताच तिनं खाली बघितलं, आणि मग विचारायचं काही उरलं नाही.

नियम करणाऱ्यांनी माणसं निर्दय होतील याचा पक्का बंदोबस्त केला होता. माणसांना दया येईल हे कुणाला सुचलंच नव्हतं.

दुसऱ्या डावाला बाजू बदलतात. मध्यरेषेवर दोन्ही संघ एकमेकांना ओलांडून जात असताना त्यानं महावीरचा दंड धरला.

"फोन कवा आलता?"

महावीरनं नाटक केलं नाही. "जैपूरनंतर. वहिनी रडत हुत्या, धैर्या. मी काय करायचं हुतं?"

"आनि बाकीच्यांस्नी कुनी सांगिटलं?"

"मी. कोपऱ्यात खेळणाऱ्या पोरांचा ग्रुप हाय. त्यात टाकलं, धैर्याच्या डाव्या पायाला हात घालायचा न्हाई म्हनून. एकबी पोरगं न्हाई म्हनालं न्हाई. तुझंच बघून शिकल्यात सगळी."

हे सगळ्यात जास्त लागलं. शिवी दिली असती तर सोसली असती. "वीस वर्षं खेळतोय मी. असं कुनी लुबाडलं न्हाई मला," धैर्यशील म्हणाला. "आता धर."

"मोडला तर? माझ्या हातात मोडला तर सोनवडीत तोंड कसं दाखवू मी?"

"न्हाई धरलास तर मी कसं दाखवू?"

शिट्टी झाली.

*

दुसऱ्या डावात धैर्यशील तीनदाच गेला आणि तिन्ही वेळा रिकाम्या हातानं परतला. डावा पाय मागे ठेवायचं धाडस त्याला होत नव्हतं. धरतील याची भीती होती आणि धरणार नाहीत याची त्याहून जास्त. खोत सर ओरडत होते. गुण एकतीस-एकतीस झाले आणि शेवटची चढाई उरली.

"धैर्या, जा," खोत सर म्हणाले. दुसरं कोण जाणार होतं?

तो रेषेला हात लावून आत गेला. कबड्डी, कबड्डी. समोर चार जण. उजवीकडे हूल दिली, कोपरा हलला नाही. कबड्डी, कबड्डी. छातीत दम होता, पण तोंड कोरडं पडलं होतं. महावीर वाकून उभा होता आणि त्याच्या पायाकडे नाही, डोळ्यांकडे बघत होता. धैर्यशीलनं डावा पाय मागे टाकला आणि तिथंच ठेवला.

हात पडला.

क्षणभर तो नुसताच घोट्यावर होता. धैर्यशीलला वाटलं, उघडणार. मग अंगठा टाचेमागं सरकला, बोटं वळली, आणि दोघं मॅटवर आदळले.

अंगानं जुन्या सवयीनं ओढ घेतली. गुडघ्यात आत कुठंतरी, कानाला न कळणारं, काहीतरी झालं असणार. मध्यरेषा त्याच्या बोटांपासून हातभर लांब होती. आणखी एक जोराचा हिसका, की रेषा, की सामना. आणि मैदान त्याला खांद्यावरून सोनवडीपर्यंत नेणार. "आरं वड की!" खोत सरांचा आवाज फाटला. कबड्डी, कबड्डी, तो म्हणत होता. महावीरचं डोकं त्याच्या पोटरीवर दाबलेलं होतं आणि हात सुटत नव्हता. पाटण्यापासून सगळ्यांनी मिळून त्याच्या वतीनं ठरवून टाकलं होतं. ही पकड सोडवायची की नाही, हे ठरवणं एकट्या त्याच्याकडे आलं होतं.

त्यानं दम सोडला. मॅटवर पालथ्या पडल्या पडल्याच उजवा हात वर केला.

पंचांची शिट्टी त्यानंतर झाली. एकतीस-बत्तीस. कृष्णाकाठ हरलं.

एवढं मोठं मैदान, पण काय झालं ते कुणाला समजेना. धैर्या मगदूम आणि पकडीत हात वर? महावीर अजून घोटा धरूनच होता. "लागलं काय रं?" त्याचा आवाज ओला होता.

"सोड आता," धैर्यशील म्हणाला. "झ्याक धरलंस."

*

खोत सर बाकावर शेजारी येऊन बसले. रागानं त्यांचे कान लाल झाले होते. "एका हिसक्याचं काम हुतं."

"व्हय, सर."

"सात पोरं राबली की रं त्या एका गुणासाठी."

"व्हय, सर. चुकलंच माझं. पन माझे पयले दोन गुन बी खरं न्हवते. त्ये कुनाला परत देऊ?" मालकांचा माणूस कागद घेऊन दाराशी आला होता. धैर्यशीलनं त्याच्याकडे बघून मान हलवली. तो समजला आणि गेला. थोड्या वेळानं खोत सरही उठले, पण जाताना त्यांनी धैर्यशीलच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला.

प्राजक्ता आली ती थेट त्याच्या पायांपाशी बसली आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागली.

"रागावलात?"

"हो. खूप."

"मी परत करीन तसं," ती नाडीकडे बघत म्हणाली. "हजारदा करीन."

त्याला ते माहीत होतं. राग जायला वेळ लागणार होता. किती, ते कुठलं यंत्र सांगू शकलं नसतं. त्यानं तिचा हात बाजूला केला, वाकला आणि दुसऱ्या बुटाची नाडी स्वतः सोडली. मग एकदम थांबला. एक शंका त्याच्या मनात शिरली होती. घोट्यावर हात घट्ट होता खरा. पण पाटण्यालाही त्याला सगळं खरंच वाटलं होतं. महावीर लहानपणापासूनचा मित्र. आजही त्यानं अर्धीच पकड घातली असेल तर? वर केलेला हातही मग भिकेतलाच.

तेवढ्यात नफिसा आली. चेहरा उतरलेला, हातात पडदा. प्राजक्ता घाईनं उठून उभी राहिली.

"सांगायला नको वाटतंय, दादा," नफिसा म्हणाली. "खाली आलाय. पंचवीस."

"नक्की?"

"नक्की. शेवटच्या पकडीत धागे तुटलेत. अगदी स्पष्ट ऐकू आलेत. महावीरनं चांगलाच आवळला होता."

धैर्यशील हसायला लागला. आधी हळू, मग मोठ्यानं, मग त्याचे डोळे वाहायला लागले आणि तरी हसणं थांबेना. प्राजक्तानं घाबरून त्याचे खांदे धरले. "अहो, एक गेला म्हणतायत त्या! हसताय काय?"

"धरलं त्यानं," धैर्यशील म्हणाला. "प्राजू, त्यानं खरंच धरलं."